पलीकडे दोरी नेणारी नाव

जहाजांचे नमुने जुळवण्याचा नाद मला कॉलेजात नोकरीला लागलो तेव्हापासूनचा. मी प्रयोगशाळा सहायक आहे. वाशिमच्या घरी काचेच्या कपाटात माझी जहाजं ओळीनं उभी आहेत, बारीक ब्रशनं रंगवलेली आणि पाण्याचा थेंबही न लागलेली. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही सहलीच्या पोरांची मोजदाद करत. गेल्या हिवाळ्यात मात्र मी वेगळंच किट शोधायला लागलो. मला असं जहाज हवं होतं की ज्याच्या पोटात मोटार बसेल, जे रिमोटवर चालेल आणि मागे दोरी ओढत पाण्यापलीकडे जाईल. हे कशासाठी, ते तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. इथे सांगतो.

माझा थोरला भाऊ मेडशीकडे शेती करतो. आमची शेती अजून एकत्रच आहे, पण राबतो तो आणि वहिनी. शेताला लागून धरणाचं पाणी आत शिरलं आहे, लांब आणि अरुंद असं. अलीकडच्या काठावर आमची मोटार. तिचा पाइप पाण्यात जातो आणि त्याच्या तोंडाशी ती जाळीची झडप असते, जिला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. मूळ शब्द फुटव्हॉल्व्ह आहे हे मी दादाला एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, "मंग? पाणी जास्त येते काय तसं म्हटल्यानं?" हा फुटबॉल एका रिकाम्या ड्रमला टांगलेला असतो. ड्रम खोल पाण्यात राहावा म्हणून त्याला दोन दोऱ्या. एक आमच्या काठाला, दुसरी पलीकडच्या काठावरच्या बाभळीला. पाणी उतरलं की ड्रम सरकवावा लागतो, आणि दोरी कुजून तुटली की कोणीतरी नवी दोरी कमरेला बांधून पोहत पलीकडे जायचं. हे कोणीतरी म्हणजे दादा. लहानपणापासून तोच. मला पोहता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी शेतावर होतो. दादा मोटारीच्या खोलीसमोर पाइपाचा जोड आवळत होता. मी त्याच्याशी बोलत होतो आणि तो उत्तर देईना. पाहिलं तर त्याची मान एका बाजूला वळलेली, आणि मग तो आडवाच झाला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस. मी काय केलं, तर पायातली चप्पल काढली आणि त्याच्या नाकाशी धरली. गावात लहानपणी तेवढंच पाहिलं होतं. थोड्या वेळानं तो शांत झाला, डोळे उघडले आणि जीभ फिरवत म्हणाला, "तोंडाले चपलीचा वास काहून येऊन राह्यला?"

मी खरं सांगितलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्याला अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि हळू आवाजात बजावलं की गाडी चालवायची नाही, उंचावर चढायचं नाही, विस्तवाजवळ एकटं बसायचं नाही आणि पाण्यात तर उतरायचंच नाही. घरच्यांना सगळं समजावून सांगा, म्हणाले. दादा खाली पाहत होता. बाहेर बसस्टँडवर चहा पिताना तो म्हणाला, "घरी बोलशीन तर पाह्य."

"वहिनीले तरी सांगावं लागंन दादा."

"तिले सांगतलं का तिच्या बहिणीले समजलं. तिच्या बहिणीले समजलं का शेलूबाजारले समजलं. पोरीचं जमू दे. मंग मी सोता सांगतो."

माझ्या पुतणीचं शेलूबाजारच्या एका घरी जमत आलं होतं. बघणं झालं होतं, पसंती कळली होती, बैठक तेवढी राहिली होती. आमच्याकडे एखाद्या घरात मिरगी आहे असं कळलं, की ती बापाला आहे की पोरीला हे कोणी विचारत बसत नाही. लोक नुसतं म्हणतात, त्यायच्यात आहे. दादाची भीती खोटी नव्हती. मी मान हलवली.

घरी पोचलो तर वहिनी दारातच उभी. "काय म्हणे डॉक्टर?"

दादा हातपाय धुवायला मागे गेला. उत्तर माझ्यावर आलं. मी म्हणालो, "दादा फिट आहे."

ते वाक्य मी नंतर फार वेळा मनात म्हणून पाहिलं आहे. 'दादाले फिट आहे' असं म्हणायला एकच अक्षर जास्त लागलं असतं. वहिनीनं सुटकेचा श्वास सोडला आणि ती चहा ठेवायला आत गेली. मी ते अक्षर चुकून गाळलं नव्हतं.

वाशिमला परतल्यावर फोन वाजला की मला धास्ती वाटायला लागली. दर दोनचार दिवसांनी मीच दादाला फोन करायचो.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"पाण्यात गेलता काय?"

"गेलतो. ड्रम सरकला होता. काय झालं? हाये ना जिता."

गोळ्या तो मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत लपवून ठेवत होता. म्हणजे ज्या दिवशी लाइट नसायची आणि तो शेतात जायचा नाही, त्या दिवशी गोळीही नसायची. हेही मला ठाऊक होतं.

अशा दिवसांत ती कल्पना माझ्या डोक्यात आली. पलीकडे माणसानं पोहत कशाला जायचं? बारीक नायलॉनची दोरी एखाद्या लहानशा बोटीनं पलीकडे न्यायची. काठानं वळसा घालून तिथे गेलेल्या माणसानं ती ओढली की तिच्या शेपटाला बांधलेला जाड दोर आपोआप पलीकडे जाईल. कल्पना सुचली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाचाच मला संशय यायला हवा होता.

मी किट शोधायला लागलो. आणि इथे मला हे कबूल केलं पाहिजे की तो शोध मला आवडत होता. जेवण झालं की मोबाइल घेऊन बसायचो. आधी पाण्याच्या रेषेपाशीच कापलेली किटं बाजूला काढली. ती टेबलावर ठेवण्यासाठी असतात, त्यांना पोटच नसतं. मग युद्धनौका काढल्या. दिसायला देखण्या, पण अंगानं काकडीसारख्या, बॅटरी ठेवली की कलंडणार. शिडाच्या जहाजाला खालून वजन लावावं लागतं. लाकडी पट्ट्यांची किटं मजबूत, पण एकेक पट्टी वाकवून चिकटवायची तर उन्हाळा उजाडला असता. शेवटी दोन उरली. एक मासेमारी बोट आणि एक टग, म्हणजे बंदरात मोठ्या जहाजांना ओढून आणते ती आखूड, रुंद बोट. दोन्ही प्लास्टिकची, दोन्ही मुळात शोभेची. म्हणजे मोटार, पंखा, सुकाणू, रिमोटचा रिसीव्हर, सगळं आपणच बसवायचं.

पुण्याच्या एका दुकानदाराला फोन केला.

"सर, शोसाठी की चालवायला?"

"चालवायला. मागे दोरीही ओढायची आहे."

"दोरी? कशाला?"

"पाण्यापलीकडे न्यायला."

"मग टग घ्या. मासेमारीची बोट वर जड होते, वाऱ्यात झुलते. टगला पोट आहे, मोठा पंखा बसतो. पळणार नाही, पण ओढेल. मागचा डेक मात्र चिकटवून टाकू नका, बॅटरी काढायला उघडता आला पाहिजे."

सल्ला सरळ होता. त्याच दिवशी मागवता आलं असतं. तरी मी आणखी कितीतरी दिवस घालवले. टगची रुंदी, आतली खोली, भिंतीची जाडी, पंखा बसण्यासाठी मागे किती जागा, याचे फोटो मोठे करून पाहत राहिलो. निवड लांबत होती तोवर मी काहीतरी करतो आहे असं वाटत होतं. या दिवसांत दादा किती वेळा पाण्यात उतरला ते मी विचारत होतो, आणि उत्तर ऐकून परत टगच्या फोटोकडे वळत होतो. सोपे उपाय समोर होते. धरणावर मासेमारी करणारे भोई होते, त्यांच्याकडे नावा होत्या, एक निरोप धाडला असता तर दोर लावून गेले असते. पण त्यांना बोलवायचं तर दादा आता का पोहत नाही हे कोणीतरी विचारलं असतं. आणि सगळ्यांत सोपा उपाय तर घरातच होता, चुलीपाशी.

शेवटी टग आली. माझी बायको खोक्यावरचं चित्र पाहून म्हणाली, "हे कुठं चालवणार? गच्चीवरच्या टाकीत?"

"दादाच्या शेतात," मी म्हणालो.

"तिथं खत पाहिजे असंन त्यायले, नाव नाही."

बोटीचं नुसतं पोट जुळवून मी ते धुण्याच्या टबात सोडलं आणि त्यात तुरीच्या पुड्या ठेवत गेलो. किती वजनाला ते पोटावर कोरलेल्या पाण्याच्या रेषेपर्यंत बुडतं हे पाहायचं होतं. बॅटरी, मोटार आणि बाकी सगळं मिळून तेवढ्यात बसत होतं. पंख्याचा दांडा जिथून बाहेर पडतो तिथून पाणी आत येतं, म्हणून तो पितळी नळीतून घेतला आणि नळी ग्रीसनं भरली. सुकाणूच्या भोकाला दोनदा गळती लागली, दोनदा बुजवली. माझ्या सगळ्या जहाजांत हे सर्वांत ओबडधोबड झालं. रंग द्यायला वेळ नव्हता. हरभरा निघायला आला होता, धरण उतरत होतं, आणि पलीकडची दोरी तुटल्याचा दादाचा फोन आला होता.

"रविवारपर्यंत थांब," मी म्हणालो. "मी येतो."

एसटीत मांडीवर खोकं घेऊन मी मेडशीला उतरलो. शेतात खोकं उघडलं तेव्हा दादा कमरेवर हात ठेवून पाहत राहिला.

"हे काय आणलं लहान्या?"

"टग आहे. मोठ्या जहाजाले ओढते."

"आपल्याकडं मोठं जहाज कुठी हाये?"

"दोरी ओढंन, दादा."

"अन् मी काय करू? काठावर पिपाणी वाजवू?"

वहिनी हसली. "भाऊजी, नातू खेळवाच्या वयात तुमी नाव खेळवून राह्यले." पण तिलाही गंमत वाटत होती. दोरी धरायला पलीकडे जाते म्हणाली आणि पाण्याला वळसा घालून, बांधाबांधानं निघाली. तो वळसा लांबचा आहे, आणि दोर घेऊन गेलं तर तो वाटेतल्या झुडपांत अडकतो. ती दिसेनाशी झाली तेव्हा दादा माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "मले एक सांग. हे तू माह्यासाठी आणलं का तुह्यासाठी?"

मी बॅटरीची पिन लावत होतो. लावतच राहिलो.

वहिनी पलीकडे बाभळीपाशी पोचली. तिच्या मागच्या शेतात बायका हरभरा काढत होत्या. नाव येणार म्हटल्यावर त्याही काठावर येऊन उभ्या राहिल्या. मी टग पाण्यात ठेवली, मागच्या आकड्याला नायलॉनची दोरी अडकवली, रिमोट सुरू केला. ती निघाली. दादा दोरीचं रीळ धरून उभा होता आणि रीळ त्याच्या हातात फिरत होतं. पलीकडून बायकांचा आवाज आला, "आली वं, आली." दादाही पुटपुटला, "चालते तर खरी." तेवढा एक क्षण मला वाटलं, जमलं.

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर ती थांबली. पंख्याचा आवाज बदलला आणि मग बंद झाला. पाणी उतरल्यामुळे तिथे शेवाळ वर आलं होतं. ते मी टबात कुठून पाहणार? पुढे, मागे, डावीकडे, सगळं करून पाहिलं. दोरी ओढली तर ती आणखीच गुंतली. टग एका अंगाला झुकायला लागली.

दादानं रीळ खाली ठेवलं आणि शर्टाच्या गुंड्या काढायला लागला.

"दादा, नको."

"बुडून राह्यली न तुही नाव."

"बुडू दे."

"इतकी मेहनत केली तू. आलोच मी." शर्ट त्यानं स्टार्टरच्या पेटीवर टाकला आणि पाण्यात पाय घातला.

ज्या वस्तूनं त्याला पाण्याबाहेर ठेवायचं होतं, तिच्यासाठीच तो पाण्यात निघाला होता. मी परत म्हणालो, दादा, माघारी ये. तो गुडघाभर पाण्यात होता. मग कमरेएवढ्या. तिथून चार पावलांवर तळ सुटतो हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. गोळी घेतली का हे विचारायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती, म्हणजे स्टार्टरची पेटी उघडलेली नव्हती.

मी पलीकडे पाहिलं आणि ओरडलो, "वहिनी, त्याले परत बोलवा. त्याले मिरगी आहे."

पाण्यावरून आवाज फार स्वच्छ जातो. बाभळीजवळच्या बायका वहिनीकडे वळून पाहायला लागल्या. दादा छातीभर पाण्यात थांबला. तो वळला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग तो हळूहळू काठाकडे आला, माझ्याकडे न पाहता बाजूनं गेला, शर्ट ओल्या अंगावरच चढवला आणि मोटारीच्या खोलीत जाऊन बसला.

वहिनी सगळा वळसा घालून परत येईपर्यंत मी रिमोट हातात धरून तसाच उभा होतो. ती आली ती धापा टाकत. आधी खोलीत डोकावली, तो बसलेला आहे हे पाहिलं, आणि मग माझ्यासमोर उभी राहिली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"डॉक्टरनं सांगतलं होतं?"

"हो."

"अन् मले तुमी काय सांगतलं? फिट आहे म्हणे." तिचा आवाज चढला नाही. "म्हणून मी त्यायले रातच्याले ओलिताले एकटं धाडलं, भाऊजी. म्हणून मी त्यायले आंब्यावर चढवलं फांद्या तोडाले. कुरकुर केली तर म्हटलं, डॉक्टर म्हणते फिट आहे, ढोंग करू नका."

मी म्हणालो, "पोरीच्या सोयरिकीपायी..."

"पोरगी माही हाये. मले विचारून पाह्यलं असतं."

दिवाळीतच ही गोष्ट चुलीपाशी सांगितली असती तर ती चुलीपाशीच राहिली असती. मी ती उघड्या रानात ओरडून सांगितली. दादाला जे टाळायचं होतं तेच घडलं, तेही माझ्या तोंडून आणि सगळ्यांत वाईट रीतीनं. हरभरा काढणाऱ्या बायकांपैकी एकीचं माहेर शेलूबाजारचं, हे मला नंतर कळलं.

दोन दिवसांनी भोई आले. नावेतून जाऊन दोर बाभळीला बांधला, परत येताना शेवाळातून टगही काढून आणली, आणि चहा पिऊन गेले. दादा का पोहला नाही हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक झालं होतं.

त्यानंतर दर रविवारी मी मेडशीला जात राहिलो. गोळ्या आता घरातच असतात आणि वहिनी समोर उभी राहून देते. दादा तिच्याशी बोलतो, पोरीशी बोलतो, माझ्याशी नाही. मला काही सांगायचं असेल तर वहिनीला म्हणतो, "त्याले म्हणा बस निघून जाईन." मी बसलेला असतो हातभर अंतरावर.

परवाच्या रविवारी अंगणात असेच बसलो होतो. वहिनीनं चहा आणला होता. माझा फोन वाजला. शेलूबाजारहून, मुलाचे वडील. बैठक लांबत गेली होती आणि त्यांच्याकडून कसला निरोप नव्हता. घरातला नोकरीवाला म्हणून त्यांनी मला फोन केला असावा.

"एक विचाराचं होतं सर. राग मानू नका. लोक बोलून राह्यले ते खरं हाये काय?"

मी दादाकडे पाहिलं. कोणाचा फोन आहे हे त्याला नंबर न पाहताच कळलं होतं. वहिनीही हातातला कप तसाच धरून उभी राहिली. पुतणी आत होती, भांड्यांचा आवाज थांबला होता. नाही म्हणायला मला कोणी सांगितलं नव्हतं. हो म्हणायलाही सांगितलं नव्हतं.

"खरं आहे," मी म्हणालो. "भावाले फिट येते. गोळ्या चालू आहेत. पोरीले काही नाही. तुमाले वाटलं तर अकोल्याच्या डॉक्टरले विचारू, मी संग येतो."

मग ते म्हणाले, "बरं झालं सांगतलं. घरी बोलतो अन् कळवतो."

फोन ठेवला. दादा जमिनीकडे पाहत होता. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

"काय म्हणे?"

"कळवतो म्हणे."

त्यानं मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला लागला नाही, अजून लागत नाही. तो उठला आणि फाटकाकडे निघाला.

"कुठी चालले?" वहिनीनं विचारलं.

"लाइट आली असंन. ओलित पाहून येतो."

वहिनीनं कप ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि त्याच्या मागे निघाली. तो एकदा थांबला, मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आणि ती जवळ येईपर्यंत तिथेच उभा राहिला.